परसातला गादीवाफा



आपले खापा कन्हान नदीच्या काठी वसले आहे. बहुतेक घरांच्या मागे थोडी का होईना, मोकळी जागा आहे. तरी पावसाळा लागला की भाजी बाजारातूनच आणावी लागते. परसात लावलेली मिरची पिवळी पडते. वांग्याचं झाड काल हिरवंगार असतं आणि आज माना टाकतं. सांबार पेरला तर उगवायच्या आधीच सडतो. नेमक्या त्याच दिवसांत बाजारातली भाजी महाग होते. आमची आई म्हणते, "पावसाळ्यात पैसे तेवढेच नेले तरी पिशवी अर्धीच भरते."

असे का होते आणि त्यावर घरच्या घरी काय करता येते, याचा अभ्यास मी मागच्या जूनपासून या जूनपर्यंत केला. तेव्हा मी सहावीत होते, आता सातवीत आहे. नोंदवही कशी ठेवायची ते गुरुजींनी सांगितले. खोदायचे काम बाबांनी आणि मी केले. बियाणे आजीचे, आणि रोजचे टोमणेही आजीचेच. त्या वहीतली माहिती सर्वांच्या उपयोगी पडावी म्हणून इथे देत आहे.

१. आपली माती

नागपूर जिल्ह्याच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. आमच्या परसातही तीच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्याचा काळा खडक झाला. तो खडक ऊन, वारा, पाऊस यांनी झिजून पुष्कळशी काळी माती तयार झाली.

या मातीचे कण फार बारीक असतात. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. म्हणजे असे ५०० कण एका ओळीत ठेवले तरी एक मिलिमीटर भरणार नाही! शिवाय काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्याच भेगा पक्क्या मिटून जातात. आजी हेच तिच्या भाषेत सांगते, "अवं माय, काळ्या मातीले उन्हाळ्यात तोंड फुटते अन् पावसाळ्यात ते तोंड बंद होते. मंग पाणी जाईन कुठून?"

काळी माती वाईट नाही बरं का! ती ओल धरून ठेवते, म्हणून तर आपल्याकडे कापूस आणि तूर पिकते. पण नागपूरकडे वर्षाला सरासरी एक हजार मिलिमीटरहून थोडा जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत पडतो. झड लागली की पाणी परसातच थांबते.

२. मुळांनाही श्वास लागतो

आपल्याला वाटते, झाडाला पाणी जितके जास्त तितके चांगले. पण तसे नाही. मुळेही श्वास घेतात. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यातल्या काहींत पाणी असते, काहींत हवा असते. पाणी साचले की सगळ्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि हवा निघून जाते. पाण्यातून प्राणवायू हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश सरकतो. त्यामुळे मुळे गुदमरतात. गुदमरलेली मुळे पाणी वर चढवू शकत नाहीत. म्हणून पायाशी पाणी असूनही झाड सुकल्यासारखे दिसते. त्यातच मूळकूज करणारी बुरशी अशा ओल्या मातीत वाढते आणि कोवळी रोपे मानेपाशी सडून कोलमडतात.

भातासारख्या झाडांच्या अंगात हवेच्या नळ्या असतात, म्हणून भात पाण्यात उभा राहतो. मिरची, वांगे, भेदरे, सांबार यांना ते जमत नाही.

३. मातीची परीक्षा

तुमच्या परसात पाणी थांबते की जिरते हे पाहायला एक सोपा प्रयोग आहे. एक वीत खोल आणि एक वीत रुंद खड्डा करावा. तो पाण्याने भरावा आणि पूर्ण जिरू द्यावा. मग पुन्हा भरावा आणि घड्याळ लावून बसावे. दुसऱ्या वेळचे पाणी दोन-चार तासांत जिरले तर जमीन चांगली निचऱ्याची आहे. सकाळी भरलेले पाणी संध्याकाळीही दिसले तर मुळांचे खरे नाही, असे समजावे.

आमच्या खड्ड्यातले पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा तळाशी होते. आजी म्हणाली, "विहीरच खोदली पोरीनं!"

४. गादीवाफा म्हणजे काय?

जमिनीपेक्षा उंच केलेला, वरून सपाट, गादीसारखा मऊ वाफा म्हणजे गादीवाफा. ही काही नवी गोष्ट नाही. आपल्याकडे कांद्याची, मिरचीची, वांग्याची रोपे करायला शेतकरी पूर्वीपासून असे वाफे करतात. साधारणपणे ३ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच असे माप असते. पाऊस पडला की जास्तीचे पाणी वाफ्यातून खाली उतरते आणि बाजूच्या नालीतून निघून जाते. मुळे वर कोरड्यात, पाणी खाली नालीत.

रोपे काढून झाली की शेतकरी ती दुसरीकडे लावतो. परसात मात्र पूर्ण भाजीच या वाफ्यावर वाढवता येते.

५. माती कुठून आणायची?

मी बाबांना वाफ्याचे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "एवढी माती आणाची कुठून? ट्रॉलीभर माती म्हणजे पैसे लागते." त्यांचे म्हणणे खरे होते. आमच्याकडे त्यासाठी वेगळे पैसे नव्हते. तेव्हा गुरुजींनी मला एक गणित घातले. तेच तुम्हाला देते.

आमचा वाफा ६ फूट लांब आणि ३ फूट रुंद. म्हणजे क्षेत्रफळ १८ चौरस फूट. त्याच्या चारही बाजूंनी दीड फुटाची वाट सोडली. वाटेसकट सगळी जागा झाली ९ फूट लांब आणि ६ फूट रुंद, म्हणजे ५४ चौरस फूट. त्यातून वाफ्याचे १८ वजा केले की वाट उरते ३६ चौरस फूट, म्हणजे वाफ्याच्या बरोबर दुप्पट.

आता वाट ३ इंच खोदली आणि ती माती वाफ्यावर टाकली तर वाफा किती उंच होईल? वाट दुप्पट आहे, म्हणून वाफा ६ इंच चढेल. वाट ३ इंच खाली आणि वाफा ६ इंच वर. दोघांत फरक पडला ९ इंचांचा, म्हणजे एक वीत! एक पैशाचीही माती न आणता वाफाही झाला आणि पाणी जायला नालीही झाली. हे गणित ऐकून बाबांनी दुसऱ्याच दिवशी फावडे काढले.

६. वाफा कसा बांधावा?

जागा: दिवसातून निदान सहा तास ऊन येईल अशी जागा निवडावी. मोठ्या झाडाच्या बुडाशी वाफा करू नये. त्याची मुळे वाफ्यात शिरतात आणि खत तेच खाऊन टाकते.

रुंदी: दोन्हीकडून हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. मोठ्या माणसाला ४ फूट रुंदी चालते, आपल्यासारख्यांना ३ फूट बरी. वाफा भिंतीला लागून असेल तर २ फूटच ठेवावी. वाफ्यावर कधी पाय देऊ नये. एक पाय पडला की पोकळ्या दबतात आणि सगळी मेहनत वाया जाते. आमच्या धाकट्या भावाला हे समजावणे सर्वांत कठीण गेले.

खोदणे: काळी माती ओली असताना खोदू नये. तिचे ढेकळ होते आणि वाळल्यावर ते दगडासारखे बनते. मूठभर माती घेऊन दाबावी. गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारताच फुटला तर खोदायला योग्य वेळ आहे. गोळा चिकटच राहिला तर थांबावे. पहिल्या पावसाआधी खोदणे उत्तम. ते राहिले तर पावसाची उघाड पाहून दोन-चार दिवसांनी खोदावे.

मिसळण: वाफ्याच्या जागेची माती आधी वीतभर खोल सैल करावी. मग दोन घमेली मातीला एक घमेले कुजलेले शेणखत या मापाने मिसळावे. वाळका पालापाचोळा कुजलेला असेल तर तोही घालावा. शेणखत नीट कुजलेले पाहिजे. त्याला वास येत नाही आणि हात घातला तर ते गरम लागत नाही. कच्च्या शेणात हुमणीच्या अळ्या असतात, त्या मुळे कुरतडतात.

पुष्कळ लोक सांगतात की काळ्या मातीत रेती टाका. पण थोडी रेती टाकून उपयोग होत नाही. चिकणमाती रेतीच्या कणांना धरून आणखी घट्ट बसते. माती भुसभुशीत होते ती खताने, कारण कुजलेला पाला मातीचे छोटे छोटे दाणे बांधतो आणि दाण्यांमध्ये हवेला जागा राहते. चुलीची राखही जास्त टाकू नये. आपली काळी माती आधीच थोडी अल्कधर्मी असते, राखेने तो दोष वाढतो.

कडा: कडा नसल्या तरी वाफा होतो, फक्त बाजू उतरत्या ठेवून थापाव्या लागतात. कडा केल्या तर माती पावसात वाहून जात नाही. आमच्या घराचे जुने कवेलू काढले होते, त्यातले फुटके कवेलू आम्ही उभे रोवले. विटा, दगड, बांबू, पऱ्हाट्या किंवा तुऱ्हाट्यांची विणलेली ताटी, काहीही चालते. पण सिमेंटच्या जुन्या फुटक्या पत्र्याचे तुकडे, रंग दिलेली लाकडे आणि डांबराचे डबे वापरू नयेत. त्यातले विषारी पदार्थ आपल्या खाण्यात यायला नकोत.

नाली: वाटेला घराच्या उलट बाजूने थोडा उतार द्यावा. नालीचे तोंड अशा ठिकाणी काढावे की पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जाणार नाही. आम्ही ते केळीच्या आळ्यात सोडले आहे.

७. आजीची आणि माझी पैज

आजीचे म्हणणे होते की इतके उंच करायची काही गरज नाही. "आम्ही जमिनीवरच लावत आलो बाप्पा. तू तुह्या गादीवर लाव, मी माह्या जमिनीवर लावतो." मग आम्ही एकाच रोपातली वांग्याची बारा रोपे घेतली. एकाच दिवशी सहा माझ्या वाफ्यावर आणि सहा आजीच्या सपाट जागेत लावली. दोन्हीकडे शेणखत सारखेच.

जुलैत झड लागली. आजीच्या जागेत पाणी थांबले. माझ्या नालीत पाणी होते, पण वाफ्यावर नव्हते. झड उघडल्यावर आजीची चार रोपे पिवळी पडून गेली. जी दोन राहिली ती खुरटी राहिली. माझ्या वाफ्यावरची सहाही जगली. आजीने एक मेलेले रोप उपटून मला दाखवले. मूळ काळे पडले होते आणि साल हातात निघून आली. वाफ्यावरच्या रोपाचे मूळ पांढरे होते. हे मी वहीत चित्र काढून ठेवले आहे.

बारा रोपांवरून सगळ्या जगाचा नियम सांगता येत नाही, असे गुरुजींनी बजावले आहे. पण आमच्या परसापुरते उत्तर मिळाले.

८. काय आणि केव्हा लावावे?

पावसाळ्यात वांगे, मिरची, भेंडी, चवळी, आंबाडी लावावी. दोडके, कारले, काकडी यांना मांडव लागतो. मांडव वाफ्याच्या उत्तरेला करावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तरेच्या मांडवाची सावली बाकीच्या भाजीवर पडत नाही.

हिवाळ्यात पालक, मेथी, सांबार, मुळा, गाजर, लसूण, भेदरे आणि पोपटाच्या शेंगा. मेथी महिन्याभरात कापायला येते. मुळा साधारण दीड महिन्यात तयार होतो. ज्यांना धीर नाही त्यांनी आधी मुळा लावावा. तो चार-पाच दिवसांतच उगवतो.

अंतर: वांग्याच्या दोन झाडांत दोन फूट, मिरचीच्या दोन झाडांत दीड फूट, भेंडीत एक फूट. लहान रोप पाहून जागा रिकामी वाटते, पण दाट लावले की हवा खेळत नाही आणि रोग पडतो. मधल्या रिकाम्या जागेत मुळा किंवा पालक घ्यावा. मोठी झाडे पसरेपर्यंत तो निघून जातो.

बी किती खोल पेरावे? बी जेवढे जाड असेल त्याच्या दुप्पट-तिप्पट खोल. म्हणजे चवळीचे दाणे बोटाच्या एका पेराइतके, आणि चवळाईचे बी नुसते मातीने झाकेल इतके.

एका जागी दरवर्षी तीच भाजी घेऊ नये. वांगे, मिरची, भेदरे ही एकाच कुळातली भावंडे आहेत. त्यांचे रोगही सारखे. त्यांच्यानंतर चवळी किंवा वाल घ्यावा. या झाडांच्या मुळांवर गाठी असतात. त्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्रवायू झाडाला वापरता येईल असा करून देतात.

९. उन्हाळ्यात आजी जिंकली

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगते. मार्चनंतर आम्ही दुसरी पैज लावली. या वेळी भाजी होती चवळाई. मी ती उंच वाफ्यावर पेरली. आजीने तिच्या सपाट जागेत चार बोटे माती उकरून खोल वाफा केला, भोवती छोटी पाळ घातली आणि त्यात पेरली. पाणी दोघींनी सारखेच द्यायचे, रोज संध्याकाळी दोन-दोन बादल्या.

एप्रिलमध्ये ऊन तापले. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, काही वर्षी त्याच्याही वर. माझा वाफा वरून तापत होता आणि चारही बाजूंनीही तापत होता. कवेलूंना हात लावला तर चटका बसायचा. संध्याकाळी घातलेले पाणी सकाळी दहापर्यंत उडून जायचे. आजीच्या खोल वाफ्यात तेच पाणी पाळीमुळे थांबायचे आणि दुसऱ्या दिवशीही माती ओलसर लागायची. आजीने मे महिन्यातही चवळाईची भाजी केली. माझी चवळाई हातभरसुद्धा न वाढता फुलावर आली.

आजी हसून म्हणाली, "पावसाळ्यात पाण्याले वाट द्याची अन् उन्हाळ्यात पाण्याले घर द्याचं. येवढंच हाय शास्त्र."

खरोखर एवढेच आहे! वाफा उंच असावा की खोल, हे पाण्यावरून ठरवायचे. पाणी जास्त तेव्हा वाफा उंच. पाणी कमी तेव्हा वाफा खोल. उन्हाळ्यातही उंच वाफाच ठेवायचा असेल तर त्यावर गवताचे किंवा वाळक्या पानांचे चार बोटे जाड आच्छादन घालावे, दुपारी पऱ्हाट्यांची किंवा जुन्या लुगड्याची सावली करावी आणि पाणी सकाळी लवकर द्यावे.

१०. दूरदेशीचे लोक काय करतात?

हे नुसते आमच्याच परसाचे नाही. मेक्सिको देशात तळ्याच्या उथळ पाण्यात गाळ आणि गवताचे थर रचून उंच वाफे करतात. त्यांना चिनाम्पा म्हणतात. अॅझ्टेक लोकांच्या राज्यात, म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी, त्यांच्या राजधानीला या वाफ्यांवरून भाजी आणि मका मिळत असे. मेक्सिको सिटीजवळ सोचिमिल्को इथे असे वाफे आजही आहेत. तिथे पाणी जास्त, म्हणून वाफा उंच.

उलट अमेरिकेच्या नैर्ऋत्येला कोरड्या मुलखात झुनी नावाचे आदिवासी लोक आहेत. ते जमिनीत छोटे छोटे चौकोन करून भोवती मातीची पाळ बांधतात आणि खोलगट चौकोनात पेरतात. पाण्याचा थेंबही वाया जाऊ देत नाहीत. तिथे पाणी कमी, म्हणून वाफा खोल. त्या लोकांनी आजीला पाहिलेले नाही आणि आजीने त्यांना पाहिलेले नाही, पण शहाणपण एकच!

आपल्या देशातही याचा मोठा अभ्यास झाला आहे. हैदराबादजवळ पटनचेरू इथे १९७२ साली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी काळ्या मातीसाठी रुंद वाफा आणि सरी ही पद्धत तयार केली. सुमारे एक मीटर रुंदीचा उंच वाफा आणि बाजूला अर्ध्या मीटरची सरी. जास्त पाऊस झाला तर पाणी सरीतून निघून जाते आणि कमी झाला तर सरीत ओल टिकते. आज आपल्या भागातले शेतकरी सोयाबीन पेरायला जे बीबीएफ यंत्र वापरतात, ते याच पद्धतीचे. म्हणजे वावरात जे मोठे, तेच आपल्या परसात छोटे.

मातीचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो या संस्थेचे मुख्यालयही आपल्या नागपुरातच आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

११. बियाणे जपून ठेवा

वाफा फुकट झाला, पण दरवर्षी बियाणे विकत घेतले तर खर्च आलाच. आजी भेंडीच्या दोन-तीन शेंगा तोडत नाही, झाडावरच वाळू देते. वांग्याचे एक मोठे फळ पिवळे होईपर्यंत ठेवते. बी वाळवून, राखेत घोळून, मडक्यात ठेवते. संकरित वाणाचे बी असे ठेवले तर पुढच्या वर्षी झाडे सारखी येत नाहीत. गावरान वाणाचे बी ठेवता येते.

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे यांना लहानपणी शाळेत जाता आले नाही. पण त्यांनी घरोघर फिरून गावरान भाज्यांचे आणि धान्यांचे बियाणे गोळा केले, आपल्या घरी बियाण्यांची बँक केली आणि बायांना परसबागा लावायला शिकवले. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मी आजीला त्यांच्याविषयी सांगितले. तेव्हापासून आजी मडक्यांवर नावं लिहून मागते, कारण तिला लिहिता येत नाही. ते काम आता माझ्याकडे आहे.

१२. किती भाजी मिळाली?

खरे तेच सांगते. एका वाफ्याने घराची सगळी भाजी भागत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने रोज निदान ४०० ग्रॅम भाजी आणि फळे खावीत. आमच्या घरी पाच माणसे. सगळ्यांसाठी हाच हिशेब धरला तर रोज २ किलो लागतील. १८ चौरस फुटांत तेवढे होणार नाही.

पण पावसाळ्यात मिरची आणि वांगी घरची झाली. हिवाळ्यात पालक, मेथी आणि सांबार एकदाही विकत आणला नाही. आधी आमच्याकडे पालेभाजी बाजाराच्या दिवशी आणि फार तर दुसऱ्या दिवशी व्हायची. पालेभाजी टिकत नाही आणि रोज आणायला कोणी रिकामे नसते. आई सकाळी कामावर जाते, संध्याकाळी येते. आता ती येते तेव्हा मी भाजी तोडून, निवडून ठेवलेली असते. बाजारातून वाचलेल्या पैशात आई फळे आणते, कधी अंडी आणते. हिरव्या पालेभाजीत लोह असते आणि रक्त वाढायला लोह लागते. त्या भाजीवर लिंबू पिळले तर ते लोह शरीराला चांगले लागते. म्हणून कोपऱ्यात एक लिंबाचे रोपही लावले आहे.

यंदा बाबांनी न सांगता दुसरा वाफा खोदला. आजीचा खोल वाफा तसाच ठेवला आहे, पुढच्या उन्हाळ्यासाठी.

पालकांना विनंती

घरामागे चार हात जागा असेल तर एक वाफा करून पाहावा. जागा नसेल तर फुटक्या बादलीला बुडाशी भोके पाडून त्यात मिरची लावावी. तत्त्व तेच, पाण्याला वाट. न्हाणीचे पाणी केळीला, अळूला द्यावे. कच्च्या खायच्या भाजीवर ते टाकू नये. आणि एक वाफा मुलांच्या हाती द्यावा. मोजमाप, गुणाकार, विज्ञान हे सगळे तिथे आपोआप होते.

मित्रमैत्रिणींनो, वाचून झाले असेल तर आता पुढचा स्वाध्याय करा. ज्यांच्याकडे बी नाही त्यांनी माझ्याकडे यावे. आजीने भेंडीचे आणि चवळीचे बी वेगळे काढून ठेवले आहे.

स्वाध्याय

१. पायाशी पाणी असूनही वांग्याचे झाड का सुकते, ते चार ओळींत लिहा.

२. वाफा ८ फूट लांब आणि ३ फूट रुंद आहे. भोवती दीड फुटाची वाट आहे. वाट ४ इंच खोदून माती वाफ्यावर टाकली तर वाफा किती इंच चढेल? काम दाखवा.

३. तुमच्या परसात वीतभर खड्डा करून पाणी किती वेळात जिरते ते मोजा. वेळ आणि तारीख लिहून वर्गात आणा. सगळ्यांचे आकडे एका तक्त्यात मांडू. खाप्याच्या कोणत्या भागात पाणी थांबते ते आपल्याला कळेल.

४. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा: त्यांच्या लहानपणी परसात कोणती भाजी व्हायची, जी आता दिसत नाही? तिचे नाव आणि ती कशी करायचे ते लिहून आणा. तिचे बी कोणाकडे असेल, तेही विचारा.